बोडोनीला देवनागरी जोडीदार मिळेल का? (पाटी, पाचशे कार्डं आणि एक फसलेला खर्च)

पाऊण मात्रा

नमस्कार मंडळी. विषय किरकोळ वाटेल, पण गेले तीन आठवडे याच्यावरून आमच्या घरात जेवणं गार होतायत, म्हणून शेवटी इथे आणला.

माझ्या वहिनीचं हातमागाच्या साड्यांचं छोटं दुकान नारायण पेठेत सुरू होतंय. (नारायणपेठी साडी आमच्या नारायण पेठेतली नाही, तेलंगणातल्या नारायणपेठ गावची. हे लोकांना सांगून सांगून वहिनी दुकान उघडायच्या आधीच दमलीय.) भाचीची एक मैत्रीण कमर्शियल आर्ट शिकते. तिनं दुकानाचं नाव इंग्रजीत लिहून दिलं, फॅशनच्या मासिकांवर असतं ना, तसं. उभ्या रेघा जाडजूड, आडव्या केसासारख्या, टोकांना नाजूक पट्ट्या. गोल अक्षरं दोन्ही बाजूंनी फुगलेली आणि वर-खाली एकदम निमुळती. फॉन्टचं नाव प्लेफेअर डिस्प्ले, फुकट मिळतो. असल्या अक्षरांना बोडोनी म्हणतात असं ऐकलं, म्हणून शीर्षकात ते नाव. ते बघून घरातले सगळे एकदम गप्प झाले. आमच्याकडे असं क्वचित होतं.

मग आम्ही दोन घोळ घातले.

पहिला कार्डांचा. हुरळून जाऊन पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. गडद वाइन रंगाची जमीन, त्यावर नाव पांढरं आणि पत्ता त्याच फॉन्टमध्ये सात पॉइंटात सोनेरी. स्क्रीनवर दागिना दिसत होता. छापून आलं तेव्हा एचचा मधला दांडा गायब, नुसते दोन खांब. ई आणि एफ एकमेकांचे जुळे भाऊ. पत्ता भिंगातूनही लागेना. प्रेसवाल्यांनी आधीच "बारीक जाईल हं" असं सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. त्यामुळे चूक आमचीच. कोणत्या प्रेसमध्ये वगैरे विचारू नका.

दुसरा घोळ मराठीचा. पाटीवर नाव मराठीत हवंच, आणि ते इंग्रजीच्या शेजारी शोभायला हवं. आम्ही कॉम्प्युटरवरचे आठ-दहा देवनागरी फॉन्ट लावून पाहिले. दर वेळी इंग्रजी शेरवानीत आणि मराठी बनियनवर. नाव सांगत नाही, जाहिरात होईल. तीन अक्षरी आहे, त्यात एक ळ आणि एक जोडाक्षर.

तर प्रश्न असा: या जाड-बारीक अक्षरांना शोभेल असं देवनागरी काही असतं का? आणि हा फॉन्ट नक्की वापरायचा कुठे? दोन्ही कार्डांचा, म्हणजे स्क्रीनवरच्या आणि छापलेल्या, फोटो खाली टाकलाय.

अर्धा चहा

दुकान दुपारी बंद असणार का, हे आधी सांगा. म्हणजे त्या ओळीला किती जागा सोडायची ते ठरेल.

पाऊण मात्रा

@अर्धा चहा, हा विनोद पहिल्या प्रतिसादात येणार यावर मी नवऱ्याशी पन्नास रुपयांची पैज लावली होती. आभारी आहे.

कोरल बहाद्दर

मी अप्पा बळवंत चौकाजवळ वीस वर्षं डीटीपी करतोय. पत्रिका, कार्डं, बिलबुकं, श्रद्धांजलीचे फ्लेक्स, सगळं. तुमचं कार्ड का मेलं ते सांगतो, कारण महिन्यातून एकदा तरी हे प्रेत माझ्या टेबलावर येतं.

या जातीच्या फॉन्टमधली बारीक रेघ अक्षराच्या आकाराच्या साधारण दोन टक्के धरा. सात पॉइंटाचे दोन टक्के म्हणजे ०.१४ पॉइंट. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, ०.३५ मिलिमीटर. हिशोब करा: तुमची रेघ ०.०५ मिलिमीटरची झाली. डोक्यावरचा केस साधारण याहून जाड असतो. आम्ही सरळ काळ्या छपाईत पाव पॉइंटाच्या खाली जात नाही आणि गडद जमिनीतून पांढरं काढायचं असेल तर अर्ध्या पॉइंटाच्या खाली नाही.

आता पांढऱ्याची गंमत. ऑफसेटमध्ये पांढरा छापत नाहीत, तो कागद मोकळा सोडलेला असतो. म्हणजे तुमच्या एचच्या दांड्याला चहूबाजूंनी शाईनं घेरलंय. शाई कागदावर थोडी पसरतेच, ती दोन्ही बाजूंनी आत सरकली की दांडा बुजला. त्यात तुमचा वाइन रंग एका शाईचा नाही. मॅजेंटा, काळा, थोडा पिवळा, कदाचित सायनही. तीन-चार प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसल्या तरच ती फट उघडी राहणार. एक प्लेट केसभर हलली की संपलं.

सोनेरी पत्त्याचं दुखणं वेगळं. तुम्ही खरी सोनेरी शाई किंवा फॉइल घेतलेलं नाही, चार रंगांतून मोहरीसारखा रंग काढलाय. असा रंग ठिपक्यांनी बनतो. जाड रेघेत ठिपके भरपूर मावतात, म्हणून ती रेघ दिसते. केसाएवढ्या रेघेत ठिपका एखादाच पडतो, तोही अर्धा. म्हणून तुमचा पत्ता तुटक-तुटक झालाय.

उपाय सोपा आहे. नाव ठेवा याच फॉन्टात, पण मोठं. पत्ता, फोन, वेळ सगळं एकसारख्या जाडीच्या साध्या फॉन्टात, आणि एकाच शाईत. फॉइल करायचं असलं तरी रेघा थोड्या जाड करून घ्या, ठशात बारीक फटी भरतात.

आणखी एक. प्लेफेअर डिस्प्लेचे आकडे मूळचे खाली-वर असतात. ३ आणि ९ चे इंग्रजी आकडे ओळीखाली लोंबतात, १ आणि २ बुटके. परिच्छेदात छान दिसतात, पण फोन नंबर झोपाळ्यावर बसल्यासारखा वाटतो. सरळ उंचीचे आकडे त्याच फॉन्टात आहेत, सेटिंगमधून चालू करावे लागतात.

शाईचा डाग

बहाद्दरांनी शवविच्छेदन उत्तम केलंय. मी थोडी वंशावळ सांगतो.

आधी एक दुरुस्ती. प्लेफेअर म्हणजे बोडोनी नव्हे. डेन्मार्कच्या क्लाउस एगर्स सोरेनसेन यांनी तो केला, २०११ मध्ये आला. त्याची प्रेरणा बोडोनीच्या आधीची, जॉन बास्करव्हिलच्या अक्षरांची आहे. जवळून बघा: पट्टी खांबाला मिळते तिथे प्लेफेअरमध्ये हलकं वळण आहे. बोडोनीत पट्टी काटकोनात येऊन धडकते, जणू टाचणीवर खांब उभा केलाय. तुमच्या शीर्षकात बोडोनी आहे, पण फाइलमध्ये त्याचा काका आहे.

बास्करव्हिल बर्मिंगहॅमचा. त्यानं १७५७ मध्ये व्हर्जिलचं पुस्तक छापलं. त्यासाठी गुळगुळीत कागद, अधिक काळी शाई आणि छापलेले ताव तापलेल्या तांब्याच्या पत्र्यांत दाबून इस्त्री केल्यासारखे करणं, एवढा खटाटोप केला. जुन्या खडबडीत कागदावर बारीक रेघ टिकतच नव्हती, म्हणून असली अक्षरं फारसं कुणी कापत नव्हतं. पॅरिसमध्ये फर्मिन दिदो आणि पार्मात जियांबात्तिस्ता बोडोनी यांनी पुढे तीच रेघ शेवटापर्यंत ताणली. बोडोनी १८१३ मध्ये वारला. त्याच्या अक्षरांचा मोठा नमुनाग्रंथ त्याच्या विधवेनं १८१८ मध्ये प्रसिद्ध केला.

आता माझा आवडता किस्सा. बास्करव्हिलची अक्षरं आली तेव्हा लोक म्हणायला लागले, या बारीक रेघांनी डोळे जातील. बेंजामिन फ्रँकलिन स्वतः मुद्रक. त्याच्या ओळखीच्या एका गृहस्थानं हीच तक्रार केली. फ्रँकलिननं आत जाऊन कॅस्लनच्या जुन्या, सगळ्यांच्या सवयीच्या अक्षरांचा कागद आणला, वरचं नाव फाडलं आणि "हा घ्या बास्करव्हिल, दाखवा दोष" म्हणून पुढे ठेवला. गृहस्थांनी ओळीओळीत दोष दाखवले, वाचताना डोळे दुखतात असंही सांगितलं. बिचारे आयुष्यभर कॅस्लनच वाचत आले होते.

मात्र तक्रार अगदीच खोटी नाही. ही अक्षरं लहान आकारात रांगेनं लावली की डोळ्यांसमोर खांबच खांब नाचतात, आडवे दुवे विरतात. म्हणून जुने लोक प्रत्येक आकाराचे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) वेगळे कापत. लहान आकारात बारीक रेघ मुद्दाम जाड ठेवत. कॉम्प्युटर आला आणि एकच नकाशा ताणून सगळे आकार निघू लागले, तिथे ही समज हरवली. १९९२ च्या सुमारास 'हार्पर्स बझार' मासिकाचं रूप बदललं तेव्हा जोनाथन होफ्लरनं त्यांच्यासाठी दिदो नव्यानं काढला. त्यात एकाच वजनाच्या (म्हणजे जाडीच्या) सात आवृत्त्या होत्या, ६ पॉइंटापासून ९६ पर्यंत, सगळ्यांत बारीक रेघ छापल्यावर सारखीच नाजूक दिसावी म्हणून. आज फुकटात हवं असेल तर बोडोनी मोदा घ्या, त्यात आकाराप्रमाणे रेघ बदलायची सोय आहे, तीही ६ ते ९६. अर्थात ते तुमच्या सॉफ्टवेअरला कळलं पाहिजे.

आणि हो, फॅशनशी याचं नातं त्या मासिकांमुळेच आहे. अक्षरांत मुळात काही श्रीमंत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये याच अक्षरांचे खांब आणखी फुगवून लॉटरीच्या जाहिराती छापायचे.

अर्धा चहा

फ्रँकलिनचे ते गृहस्थ आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. खात्रीनं सांगतो.

बोरू

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

एक प्रयोग करा. दोन पेन्सिली रबरबँडनं शेजारी-शेजारी बांधा. आता डावं टोक वर आणि उजवं टोक खाली राहील असं तिरकं धरून, हात न फिरवता "क" आणि "ळ" काढा. खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी रेघ सगळ्यात रुंद येईल. वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी सगळ्यात बारीक. दंड आणि शिरोरेखा साधारण सारख्याच जाडीच्या. हा आपला बोरू, म्हणजे वेताची तिरकी कापलेली लेखणी. देवनागरीचा बोरू असा कापतात. रोमन लिहिणाऱ्याची कलम बरोबर उलटी धरलेली असते, डावं टोक खाली आणि उजवं वर. त्यामुळे त्यांची जाड रेघ नेमकी आपल्या बारीक रेघेच्या जागी येते.

बोडोनी तर रुंद कलमेचा नाहीच, तो टोकदार टाकाचा. टाक खाली ओढताना दाबला की फाक उघडते, रेघ जाड होते. आडवा नेला की केसासारखा चालतो. म्हणून सगळे उभे जाड, सगळे आडवे बारीक.

हाच नियम देवनागरीला जसाच्या तसा लावला तर काय होतं? शिरोरेखा केसासारखी होते. रोमनमध्ये आडवी रेघ प्रत्येक अक्षराची स्वतःची, दोन-तीन मिलिमीटरची. आपल्याकडे ती अख्ख्या शब्दाची दोरी. दोरीच्या जागी दोरा आला की खालची जड अक्षरं लोंबायला लागतात. दुसरं म्हणजे आपल्याकडे दंड किती! "पापा" लिहा, चार काळे खांब. "बाबांचा" लिहा, खिडकीचे गज. तिसरं, ळ. त्याच्या दोन वाट्यांचं सौंदर्य तिरक्या वळणात आहे. जाडी नुसती उभ्या भागात कोंबली की दोन वाट्या दोन भोपळे होतात.

तरी कुणी केलंच नाही असं नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन आहे, २०१४ चा. टिम डोनाल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल यांनी केला, देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच घरात. अत्यंत जाड-बारीक आहे आणि मोठ्या मथळ्यासाठीच आहे. फुकट आहे, लावून बघा. पण त्यातलं इंग्रजीही वापरा, प्लेफेअरशी जोडू नका. वजन जुळणार नाही.

शांत, पुस्तकी जाड-बारीकपणा हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा. त्याची मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे. पाकळीचा ल आणि आपल्या वळणाचा श त्यात आपोआप येतात, हिंदी वळणाचे येत नाहीत. दुकानाच्या नावात ल नसला तरी पत्त्यात "लक्ष्मी रस्ता" येणारच.

माझं मत विचाराल तर तीन अक्षरांसाठी फॉन्ट शोधूच नका. कुणाकडून तरी हातानं काढून घ्या. आपल्याकडे ही परंपरा आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी जन्मभर हेच केलं, प्रत्येक नाटकाला त्याचं स्वतःचं अक्षर दिलं.

खिळेजुळारी

बोरू यांचं लेखन आवडलं. पण एक हरकत नोंदवतो.

माझं वय ७३. बुधवार पेठेत ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छापयंत्रावर, कामाला लागलो तेव्हा मिसरूड फुटायचं होतं. त्याआधी शाळेत आम्ही टाकानं लिहायचो, दौतीत बुडवून. टाकानं देवनागरीच लिहायचो ना? कित्ता गिरवताना मास्तर सांगायचे, उभी रेघ दाबून, आडवी हलकी. म्हणजे टाकाची देवनागरी आमच्या पिढीनं हातानं लिहिलेली आहे. तेव्हा बोडोनीसारखं मराठी अक्षर परकं, असं सरसकट म्हणू नये. बोरू थोरला भाऊ, टाक धाकटा. दोघे घरचेच.

बाकी लोंबणाऱ्या दोऱ्याबद्दल सहमत. खिळ्यांच्या जमान्यात आम्हाला तो अनुभव वेगळ्या प्रकारे यायचा. वेलांटीची शेंडी, रफार, मात्रा असे भाग खिळ्याच्या बाहेर डोकावणारे असले की आधी तेच मोडायचे. नवा टाइप आला की पहिले दोन महिने पान कसं लखलखीत दिसायचं! मग रेघा झिजून चपट्या व्हायच्या, बारीक-जाड फरक पुसट व्हायचा. रफार मोडलेला "र्थ" नुसता "थ" छापला जायचा आणि "अर्थ"चा "अथ" व्हायचा. मालक म्हणायचे, ग्रंथाचा आरंभ झाला.

मराठीला खिळे लागायचे शेकड्यांनी. जोडाक्षरांची घरं वेगळी, उकाराची वेगळी. टिळकांनीसुद्धा खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी डोकं घातलं होतं, उगीच नाही. आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची जुनी पोथी कुणाकडे असेल तर ती भिंगाखाली बघा. जाड-बारीक म्हणजे काय ते कळेल, आणि शिरोरेखा कुठेही लटपटत नाही.

कोरल बहाद्दर, तुम्ही अर्ध्या पॉइंटाचा नियम सांगितलात. तुमच्या पिढीत कुणीतरी मोजतंय हे पाहून बरं वाटलं.

बोरू

काका, हरकत मान्य. टाकाचं माझ्या ध्यानातच आलं नाही, मी थेट बोरूपासून सुरुवात केलेली माणूस. वाक्य असं दुरुस्त करतो: टाकाची देवनागरी होऊ शकते, पण तीत शिरोरेखेला टाकाचा नियम पूर्ण लावायचा नाही. ती थोडी भरीव ठेवायची.

नियमावली

पाटीचा विषय आहे म्हणून. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे. मराठी देवनागरी सुरुवातीला हवी आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. आधी इंग्रजी मोठं लिहून खाली मराठीची बारीक ओळ, हे आता चालणार नाही.

शाईचा डाग

नियमावलींच्या मुद्द्यात एक गमतीदार पेच आहे. "लहान नको" म्हणजे काय मोजायचं? फॉन्टचा आकडा? दोन्हीकडे १०० पॉइंट लिहिलं तरी देवनागरी बहुतेक वेळा लहान दिसते, कारण तेवढ्याच उंचीत तिला वर मात्रा आणि खाली उकार मावायला हवेत. रोमन कॅपिटलला वर-खाली असं कुटुंब नाही. तेव्हा पट्टी घेऊन शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजा आणि ती इंग्रजी कॅपिटलच्या उंचीएवढी किंवा जास्त ठेवा. मग कुणी मोजायला आलं तरी फिकीर नाही. शिवाय डोळ्यालाही तेच बरोबर वाटतं.

अंतराचाही हिशोब देतो. निरोगी डोळ्याला दहा मीटरवरून जेमतेम तीन मिलिमीटरचा तपशील वेगळा दिसतो. तुमच्या गल्लीत समोरचा माणूस सहा-सात मीटरवर असेल, म्हणजे दोन मिलिमीटरच्या आतली रेघ त्याला पुसटच दिसणार. फूटभर उंचीच्या अक्षरात दोन टक्क्यांची रेघ सहा मिलिमीटर होते, म्हणजे पाटीवर हा फॉन्ट खुशाल चालेल. जो कार्डावर मरतो तोच पाटीवर जगतो तो असा.

गच्चीवरची

दिवसा जगतो हो. रात्रीचं काय?

माझे बाबा पाट्या रंगवायचे. चपटा ब्रश, एनॅमलचा डबा, खडूनं मारलेली दोरी. जाड-बारीक त्यांच्या ब्रशातच होतं. पण उन्हात बसणाऱ्या दुकानाला ते बारीक रेघ नेहमीपेक्षा जाड ओढायचे. म्हणायचे, ऊन रेघ खातं. लाइटच्या पाट्या आल्यावर हेच उलटं झालं. अक्षर स्वतः उजळलं की जाड खांबाचा उजेड शेजारच्या बारीक रेघेवर सांडतो आणि ती हरवते. शिवाय आतून एलईडी टाकायचे तर पट्ट्या मावतील एवढी रुंदी लागते, केसात दिवा कसा बसवणार? पुढून लाइट मारा नाहीतर अक्षरामागे लपवून भिंत उजळा. अक्षर काळं राहू द्या.

कोरल बहाद्दर

इतकी चर्चा वाचून दमलो. व्यवहाराचं बोलतो. उद्घाटन कधी आहे? बजेट काय? हातानं अक्षर काढून घ्यायला वेळ नसेल तर रोझा लावा, शिरोरेखा थोडी जाड करा, मोकळे व्हा. गिऱ्हाईक साडी बघायला येतं, शिरोरेखा बघायला नाही. फॉन्टात हात घालण्याआधी त्याचं लायसन तेवढं वाचा, हा खुला आहे म्हणून चालतंय.

आणि पाटीवाल्याला फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करूनच द्या, म्हणजे अक्षर फॉन्ट न राहता नुसतं चित्र होतं. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टातली फाइल तर दुसऱ्या मशीनवर उघडली की दुकानाचं नाव शिव्या दिल्यासारखं दिसतं.

जाता जाता: तुमच्या कार्डाचा फोटो मोठा करून पाहिला. पिनकोडमध्ये पाचच आकडे आहेत.

पाऊण मात्रा

काय सांगता!

खरंच की. तीन आठवडे आम्ही पाच जण त्या कार्डाकडे बघतोय. म्हणजे रेघा नीट आल्या असत्या तर चुकीचा पत्ता स्वच्छ वाचता आला असता. वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

अर्धा चहा

बारीक रेघांनी लाज राखली म्हणायची.

पाऊण मात्रा

दहा दिवसांनी धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना हिशोब देणं लागते.

पेन्सिलींचा प्रयोग केला. मी, भाची आणि तिची मैत्रीण, रात्री अकरा वाजता, जेवणाच्या टेबलावर. ळ काढल्यावर पोरगी दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, कॉलेजात रोमनच्या कलमेचे कोन पाठ करून घेतले, हे मात्र कुणी बांधून दिलं नव्हतं. मराठी नाव तिनंच काढलं. पहिले सहा कागद बोडोनीचं भाषांतर होते: गज, भोपळे, सगळं. सातव्या कागदावर तिनं खिळेजुळारी काकांचं ऐकलं, टाक आणला आणि दाबून-हलकं असं लिहिलं. शिरोरेखा मात्र बोरू यांनी म्हटल्याप्रमाणे भरीव ठेवली, इंग्रजी बारीक रेघेच्या जवळजवळ तिप्पट. कागदावर ती जास्तच वाटत होती. पाटीच्या मापात छापून समोरच्या फुटपाथवरून पाहिली तेव्हा बरोबर वाटली. ळच्या वाट्या तिरक्याच राहिल्या, त्या कुठल्याच नियमात बसत नाहीत आणि सगळ्यात छान त्याच दिसतात.

रोझाही लावून पाहिला होता, बहाद्दर. वाईट नाही. "सेल" असं लिहिलं तर झकास दिसेल, दणक्यात. वहिनीच्या साड्या दणक्यातल्या नाहीत, एवढंच.

पाटीवाल्यानं पितळी अक्षरं कापायचं ठरवलं, पण तीन मिलिमीटरच्या खाली कापणार नाही म्हणाला, वाकतात. इंग्रजी नाव मराठीच्या खाली आणि उंचीला किंचित कमी घेतलं, त्यामुळे त्याच्या दोन पट्ट्या अडीचवर येत होत्या. तेवढ्या जाड केल्या. मागे काळपट लाकूड, वरून दोन दिवे, आतून काही नाही. गच्चीवरची, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

नवऱ्याचं मत असं की एवढ्या खटपटीत दोन साड्या विणून झाल्या असत्या.

खिळेजुळारी

फोटो टाका. आणि ळ जवळून.

पाऊण मात्रा

टाकलाय काका. दुसरा फोटो संध्याकाळचा आहे, त्यात सावली पडून ळची खालची वाटी दुप्पट दिसतेय, ती मोजू नका.

खिळेजुळारी

पाहिला. वरची वाटी खालचीपेक्षा एक सूत लहान हवी होती. पण हा म्हाताऱ्याचा खोडसाळपणा समजा. पोरीला सांगा, हात चांगला आहे. बुधवारात जुन्या प्रेसचं सामान भंगारात निघालं तेव्हा मी थोडे खिळे उचलून ठेवलेत, त्यात मोठ्या पॉइंटाचा एक ळ आहे. तिला हवा असेल तर देईन.

पाऊण मात्रा

काका, ती आत्ताच विचारतेय कधी येऊ म्हणून. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

बहाद्दर, नवी कार्डं आणि बिलबुक तुमच्याकडेच द्यायचं ठरलंय. नाव प्लेफेअरमध्ये, बाकी सगळं साध्या फॉन्टात, एकाच शाईत, पांढऱ्या कागदावर. गडद जमीन नाही, मोहरी नाही.

कोरल बहाद्दर

मंगळवारी प्रूफ देतो. रेघा मी बघीन. आकडे तुम्ही मोजा, सहा.